न धुतलेला डबा

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावानं मला इतक्यांदा हाक मारली गेली आहे, की ते एकदा स्वतःच्या हातानं कागदावर उतरवलं तर माझ्यातलं जे थोडंफार अजून सुटं आहे तेही चिकटून बसेल, अशी मला भीती वाटते. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, तेव्हा घड्याळवाले म्हटलं की काम भागेल. मी रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या. अक्षरओळख झाली तीसुद्धा दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे ज्याला जमत नाही त्यानं या धंद्यात पडू नये, आणि मला ते जमत आलं. म्हणून सांगतो, मी चटकन चिडणारा माणूस नव्हे. पण या प्रकरणात माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि ती अजून खाली उतरलेली नाही.

माझा डावा डोळा तरुणपणीच गेला. छताला चुना देताना एक शिंतोडा आत उडाला आणि घाईघाईत मी डोळा त्याच चुन्याच्या बादलीतल्या पाण्यानं धुतला. उरला उजवा. त्याच्यावर संसार केला, मुलगा वाढवला, अर्ध्या गावाच्या भिंती उजळल्या. आता त्यात मोतीबिंदू झालेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बॅटरी मारून म्हणाल्या, "आजोबा, चांगलाच पिकलाय. आता दिवस ढकलू नका. अजून थांबलात तर मग आम्ही हात टेकले."

ऑपरेशनसाठी नाव नोंदवलं. खिडकीतल्या मुलीनं माझं नाव दोनदा विचारून घेतलं, यंत्रात घातलं आणि नंबर दिला. माझं नाव कुणी तोंडानं उच्चारलं त्याला किती वर्षं झाली असतील, असं तेव्हा उगाच मनात येऊन गेलं. ही होती तोवर ती 'अहो' म्हणायची. मुलगा बाबा म्हणतो, सून बाबा म्हणते, खालचा वाणी आजोबा म्हणतो. नाव असं ते त्या खिडकीपलीकडेच राहिलं म्हणायचं.

दवाखान्याचा संदेश मुलाच्या घरच्या फोनवर आला. सूनबाईनं मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबली.

"बाबा, हे घड्याळवाले कोण?" म्हणजे तिनं त्याचं नाव घेतलं. "नमस्कार अमुक, आपल्या उजव्या डोळ्याची तपासणी गुरुवारी, असं आलंय. नंबर तुमचा, डोळा तुमचा."

"नाव दुसऱ्याचं?"

"नाव दुसऱ्याचं." ती हसली. "आणि गंमत म्हणजे ही आमच्याच कंपनीची करणी. दवाखान्याचा सगळा डेटाबेस आमच्याकडेच आहे. थांबा, बघते."

सूनबाई घरूनच काम करते. माझ्या खोलीच्या भिंतीला तिचं टेबल लागलेलं असतं, दिवसभर तिची बोटं चालतात आणि मला त्याची सवय झालेली आहे. पोर हुशार, आणि हुशार माणसांत क्वचित असतो तो धीरही तिच्यात आहे. तिनं मला शेजारी बसवून समजावलं. म्हणाली, डेटाबेसच्या आत काही कामं लिहूनच ठेवलेली असतात, त्यांना प्रोसिजर म्हणतात. हे काम एकेक नंबर उचलतं, त्या नंबराचं नाव शोधतं, सापडलेलं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि तिथून संदेशात ओततं.

"व्हेरिएबल म्हणजे तुमचा रंगाचा डबा समजा. या डब्यात फक्त अक्षरं ठेवायची. एका नंबराचं नाव काढून झालं की त्याच डब्यात पुढच्याचं. आता लिहिणाऱ्यानं काय केलंय, पुढच्याकडे जाताना डबा धुतलेलाच नाही. नवीन नाव सापडलं तर जुन्याच्या जागी ते बसतं, काही बिघडत नाही. पण सापडलंच नाही, तर डब्यात आधीच्याचं तसंच राहतं आणि तेच पुढच्याच्या भिंतीला लागतं."

"माझं नाव सापडलं नाही?"

"खिडकीवर काहीतरी चुकलं असेल हो. कळवते मी."

मला राग आला तो इथे पहिल्यांदा. माझ्या हाताखालच्या एखाद्यानं असा डबा ठेवला असता तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवला असता. एका माणसाचा एकुलता एक डोळा, आणि तुम्हाला डबा विसळायला होत नाही!

गुरुवारी दवाखान्यात गेलो. बाकांवर म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, भिंतीला पिवळट रंग आणि तोही एकाच हाताचा. भोंग्यातून घड्याळवाल्यांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. परत पुकारलं. नर्सबाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय आजोबा, झोप लागली का? तुम्हालाच बोलावतायत."

"ते नाव माझं नाही."

"नंबर बघू. हा काय, तुमचाच की."

"नंबर माझा, नाव माझं नाही. डोळ्यावर सुरी चालवणार तुम्ही. निदान कुणाच्या डोळ्यावर, हे तरी ठाऊक असू दे."

"आजोबा, डोळा तुमच्याबरोबरच आलाय ना? मग झालं तर." आजूबाजूचे हसले. "बोला, तुम्हीच ना हे? हो म्हणा आणि आत चला. नाहीतर पाळी जाते."

मी हो म्हणालो नाही. पाळी गेली. परत येताना पायऱ्यांच्या कडा मला दिसत नव्हत्या, एकेक पायरी बुटाच्या टोकानं चाचपत उतरलो, आणि उतरताना मनाशी म्हणत होतो, गेला डोळा तर जाऊ दे, पण दुसऱ्याच्या नावाखाली मी त्या टेबलावर झोपणार नाही.

इथवर चूक यंत्राची होती आणि यंत्राला अक्कल नसते असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच आठवड्यात मुलगा हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून माझ्याकडे घेऊन आला. माझ्यासमोर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर घड्याळ पालथं ठेवलं, बाजूला बारीक पेचकस.

"बाबा, हे बंद पडलंय. जरा बघता का? तुमचं काय, चुटकीसरशी होईल."

"माझं काय म्हणजे?"

"अहो, जन्म गेला तुमचा यात."

हा माझ्या खांद्यावर बसून छताला हात लावायचा. याच्या शाळेच्या चड्डीला माझ्या हातचे रंगाचे डाग असायचे आणि त्यावरून त्याला पोरं चिडवायची.

"अरे, उभ्या जन्मात मी घड्याळ उघडलेलं नाही. मी रंगारी आहे. तुझ्या बापाचा धंदा विसरलास?"

तो क्षणभर गोंधळला, मग आजारी माणसाला हसतात तसं हसला. "बरं बरं. मूड नसेल तर राहू दे. घाई नाही." घड्याळ माझ्या उशाशी फळीवर ठेवून गेला.

वाणी म्हणाला, "आजोबा, हल्ली दुकानावर नसता?" न्हावी म्हणाला, "काका, तुमच्या बाजूला पुलाच्या उतारावर फार रहदारी झाली हो आता." त्यालाच विचारून घेतलं कुठला पूल, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन निघालो. म्हटलं, त्या घड्याळवाल्यालाच जाऊन गाठतो. त्याच्या दारात उभं राहून चार माणसांत त्याला विचारतो, की बाबा रे, तू तुझं नाव सांभाळून का ठेवत नाहीस?

पुलाच्या उताराला, पायऱ्यांखालच्या बोळात दुकान होतं. अरुंद, लांबट, सगळ्या भिंतींवर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि त्याच्या नावानं हाक मारली, चांगली खणखणीत, भांडायला आलेला माणूस मारतो तशी.

आत एका लांब टेबलाशी तीन म्हातारे बसले होते, डोळ्याला भिंग लावून, पुढ्यात उघडी घड्याळं घेऊन. तिघांनीही वर पाहिलं.

मी विचारलं, "तुमच्यातले ते कोण?"

तिघे एकमेकांकडे बघून हसले. शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या पोरांचं असतं तसं, बाहेरच्याला न कळणारं ते हसू होतं. अलीकडचा म्हणाला, "या ना. उभे का? दिसत नसेल नीट. आमचंही तसंच होतं."

"मी विचारतो, दुकान कुणाचं?"

"आपलंच."

"आपलंच म्हणजे कुणाचं?"

"आवाज कशाला चढवता?" मधला शांतपणे म्हणाला. त्याची बोटं जाड होती, भट्टीशी काम करणाऱ्याची असावीत तशी भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेली. आणि त्या बोटांत केसाएवढ्या चिमट्यानं एक चाक धरलेलं होतं. "आम्हीपण आलो तेव्हा असेच तणतणत आलो होतो. बसा. चहा सांगतो."

टेबलाशी चौथं स्टूल होतं. रिकामं. पलीकडच्यानं, माझ्याकडे न बघता, खांद्यावरच्या फडक्यानं त्यावरची धूळ पुसली.

मी कसा घरी आलो मला आठवत नाही. पोचलो तो थेट सूनबाईच्या टेबलाशी.

"ते काम आत्ताच्या आत्ता नीट कर. कंपनीला कळवते, दवाखान्याला सांगते, हे मला ऐकायचं नाही. माझ्यासमोर डबा धू."

इतकं कडक मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिनं वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाली, "बसा. आधी डब्यात कुठे काय आहे ते बघू." तिनं त्या प्रोसिजरला सांगितलं, की प्रत्येक नंबराला डब्यात जे असेल ते, नमस्कारासकट, पडद्यावर छापत जा. ओळी वर सरकू लागल्या. नाकाला पडदा लागेल इतका मी वाकलो, तेव्हा कुठे काळ्या मुंग्यांसारखी अक्षरं दिसली. निरनिराळी नावं, मग घड्याळवाल्यांचं नाव, मग परत तेच, परत तेच, आणि चौथ्यांदा माझ्या नंबरासमोर तेच.

"म्हणजे तुमच्या आधी आणखी दोघांची नावं सापडलेली नाहीत," ती म्हणाली. "यातली पहिली ओळ खरी."

"बरोबर आहे," मी म्हणालो. तिनं मान वर केली. मला काय बरोबर वाटलं ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग तिनं एकच ओळ लिहिली. प्रत्येक नवा नंबर उचलला की आधी डबा रिकामा कर, एवढंच त्या ओळीत होतं. परत चालवलं. घड्याळवाल्यांचं नाव एकदाच आलं. त्याखाली तीन नंबर, आणि तिन्हींसमोर नाव नाही. त्या कोऱ्या जागेनंतर मात्र स्वल्पविराम होता, नमस्काराच्या पुढचा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"झालं," ती म्हणाली. "आता दुसऱ्याचं नाव येणार नाही."

रात्रभर मी शांत झोपलो, एवढं खरं. सकाळी उठलो तेव्हा चहा आला नव्हता. वाट पाहिली, माझी वाट पाहण्याची सवय सांगितलीच आहे. हॉलमध्ये गेलो तर ती दोघं समोरासमोर बसून चहा पीत होती, टेबलावर दोन कप. मी खाकरलो. मुलगा दाराकडे बघून म्हणाला, "कुणी आलंय का?" ती म्हणाली, "नाही. वारा असेल."

मी काठी आपटली, बोललो, घसा ताणून बोललो. दोघं आपली उठून आपापल्या कामाला लागली. थट्टा करावी अशी ती माणसं नाहीत. म्हटलं, असू दे. आधी डोळा, मग यांचा समाचार. तडक दवाखाना गाठला आणि त्याच पिवळट भिंतीखाली बसलो. भोंग्यातून एकेक नाव येत होतं, म्हातारे उठून आत जात होते. मग एक नाव संपलं आणि भोंगा गप्प झाला. एखादं नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ. त्यातून नुसती बारीक खरखर ऐकू येत होती. मी उठून उभा राहिलो.

"बसा आजोबा," नर्सबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "तुमचं नाव नाही घेतलं."

"कुणाचंच नाही घेतलं!"

"मग कुणाचंच नाही. बसा."

पुढचं नाव पुकारलं गेलं. मी ओरडलो. दवाखाना काय तुमच्या बापाचा आहे काय म्हणालो, असं बोलणं माझ्या तोंडी शोभत नाही पण म्हणालो. ओळीतल्या एका बाईनं आपली पिशवी उचलून माझ्या जागेवर ठेवली, मी तिथे उभा असताना.

घरी आलो तेव्हा सूनबाई टेबलाशी होती. मी तिच्या अगदी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं तिची बोटं थांबली आणि तिनं मान वळवली, आणि दारात आलेल्या परक्या म्हाताऱ्याशी बोलावं तितक्या अदबीनं विचारलं, "नाव काय म्हणालात?"

ज्या पोरीला माझ्या पथ्यापासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळं ठाऊक, ती मला हे विचारत होती. मी सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, सावकाश. ती बोटं कळांवर धरून तशीच बघत राहिली, जणू मी अजून बोलायचा आहे. मी परत सांगितलं. ती वाट बघत होती. तिसऱ्यांदा सांगताना माझं तोंड हलतंय एवढं मला कळत होतं.

त्या वेळी माझ्या उजव्या डोळ्यापुढे तिचा चेहरासुद्धा राहिला नव्हता. दुधात बुडालेल्या काचेतून दिसावा तसा नुसता एक उजेड होता, आणि तोही दिवसागणिक घट्ट होत चालला होता.

"ती ओळ काढून टाक," मी म्हणालो.

हे मात्र तिला लगेच ऐकू गेलं. "कुठली? काल घातलेली?"

"हो. तीच."

तिनं का म्हणून विचारलं नाही. कळ दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं फोन थरथरला आणि ती वाचू लागली, नमस्कार म्हणून पुढे त्याचं नाव, आणि ऑपरेशन उद्या सकाळी. वाचता वाचताच तिचा आवाज घरचा झाला. "अहो बाबा, इथे काय बसलात ताटकळत? चहा ठेवते. आणि ते हॉलमधलं घड्याळ तेवढं बघा हं, हे कधीचे मागे लागलेत."

चहा आला. साखर घातलेला होता. ही गेल्यापासून मी साखर सोडली आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आतल्या आत चडफडत कप बशीवर आपटला. आणि मग शेवटच्या घोटापर्यंत सगळा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी विचारलं, "तुम्हीच ना हे?" मी हो म्हणालो.

ऑपरेशन उत्तम झालं, ते नाकारणार नाही. पट्टी सुटली तेव्हा समोरच्या भिंतीवरची ब्रशची एकेक रेघ दिसली, आणि ती कुठल्या हातानं ओढली असावी हे रंगारी असून मला ओळखता आलं नाही. घरी येऊन ते घड्याळ वर्तमानपत्रावर पालथं घातलं. चुटकीसरशी झालं. मुलगा दारातूनच म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

माझा राग गेलेला नाही. रोज सकाळी डबा घेऊन पुलाच्या उतारानं जाताना तो माझ्याबरोबर चालतो. आम्हा चौघांतला पहिला कोण, हे मी तिथे एकदा विचारलं. जाड बोटांचा म्हणाला, आम्हीही विचारलं होतं. मग सगळे परत आपापल्या भिंगाला डोळा लावून कामाला लागलो. काम नाजूक असतं, पण नवीन डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं, आणि हातांना शिकवावं लागलं नाही.

काल दुपारी उंबऱ्यावर कुणीतरी उभं राहिलं. म्हातारा होता, काठीला धरून थरथरत होता, रागानं असेल किंवा पायऱ्या न दिसल्यानं. त्यानं चांगल्या खणखणीत आवाजात नावानं हाक मारली, आणि आम्ही चौघांनीही वर पाहिलं.

पाचव्या स्टुलावरची धूळ मी सकाळीच पुसून ठेवली होती.